गवत न उगवणारा कोपरा

आमच्या हार्कर्स बेंडमध्ये कपड्यावर डाग पडला की लोकांच्या तोंडी एकच नाव यायचं, टिली. फादर रोमानच्या जरीच्या झग्यावर मेणबत्तीचं मेण सांडलं, चला टिलीकडे. नवरीच्या गाऊनवर तिच्याच काकानं दारू उडवली, चला टिलीकडे. बँडच्या पोरांनी गणवेशावर सॉस सांडला, तोही टिलीच्याच दारात. ती कपडा खिडकीशी नेऊन उजेडात धरायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "हा होय! हा बिचारा तर स्वतःहूनच जायच्या तयारीत आहे." मी तिची नणंद, तेव्हा माझ्या तोंडून तिचं कौतुक जरा कमीच व्हायचं. पण खरं ते सांगते, तिच्या हातून डाग सुटला नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं.

टिली म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, वासिलची बायको. पाळण्यातलं नाव थेक्ला, पण ते फक्त चर्चमध्ये. बाप कोळशाच्या खाणीत, घरात खाणारी तोंडं भरपूर, त्यामुळे शाळा सुटली न सुटली तोच ती कुलपांच्या कारखान्यात लागली. त्या काळी आमच्या खोऱ्यातला माणूस एक तर कुलपांत असायचा, नाही तर कुलपांतल्या कुणाशी तरी लग्न करून बसलेला असायचा. टिलीनं दोन्ही केलं. ती किल्ल्यांचे दाते तपासायला होती आणि वासिल धुण्याच्या खात्यात. कुलपांचे पितळी तुकडे यंत्रातून तेलात माखून बाहेर यायचे. ते तेल काढायला त्यांना ट्रायच्या वाफेत लटकवायचं, हे वासिलचं काम. ट्रायचं खरं नाव हातभर लांब होतं, ते पिंपावर लिहिलेलं असायचं, पण ते म्हणत बसायला वेळ कुणाला होता! दिसायला पाण्यासारखं, वास जरासा गोड. हातावर घेतलं की गार लागायचं आणि बघता बघता उडून जायचं.

शुक्रवारी कामावरून सुटताना प्रत्येकाच्या बगलेत लोणच्याची रिकामी बरणी असायची, आणि दाराबाहेर पडताना ती रिकामी नसायची. फोरमन तेवढ्यापुरता आभाळात पाऊस शोधायचा, कारण त्याची स्वतःची बरणी आधीच गाडीत जाऊन बसलेली असायची. ही चोरी नव्हती हो, रीत होती. पगारवाढ मागितली की साहेबलोकांना खोकला यायचा, पण ट्राय न्यायला कुणाची ना नव्हती. माझा नवरा एमिल त्यात गाडीचे भाग धुवायचा. कुणी बुटांचं डांबर काढायचं, कुणी कुंपणाखालचं तण मारायचं. माझी सासू तर दुखऱ्या गुडघ्यांना चोळायची आणि वर म्हणायची, "कसं गार वाटतं!"

आणि टिली कपडे धुवायची. परसात वासिलनं तिला पत्र्याची एक खोली करून दिली होती. तिथं दोऱ्यांवर झगे, गाऊन, बाप्तिस्म्याची कापडं टांगलेली असायची आणि मध्ये ही बया बाह्या वर करून उभी. एकदा वापरलेलं ट्राय ती फडक्यातून गाळायची, पुन्हा वापरायची, पुन्हा गाळायची. पार काळंमिट्ट झालं की मग ओतून द्यायची. बाकीचे सगळे खुशाल मोरीत ओतायचे. टिली नाही. मोरीचं पाणी ओढ्याला जातं, ओढ्यात मासे आहेत, पोरं डुंबतात. "मी काय जनावर आहे, ओढ्यात घाण सोडायला?" असं म्हणून ती घमेलं उचलून परसाच्या टोकाला जायची. तिथं जमीन जरा खोलगट होती. त्या कोपऱ्यात हळूहळू ओतायची, अंगावर उडू नये म्हणून पदर सावरल्यासारखा ॲप्रन धरून. माती सगळं गिळते, असं तिचं म्हणणं. त्या कोपऱ्यात गवत उगवायचं थांबलं. वासिल खिदळायचा, "अख्ख्या परसात हाच एक कोपरा शहाणा. कापावा लागत नाही!" आम्हीही हसायचो.

पुढे घराचं छप्पर गळायला लागलं आणि वासिलनं परसाचा तेवढा टोकाकडचा तुकडा शेजारच्या कुझ्माला विकला. मध्ये कुंपण आलं आणि तो कोपरा पलीकडे गेला. कुझ्मानं काही दिवस तिथं बी टाकून पाहिलं, शिव्या दिल्या आणि शेवटी घराची मागची खोली तिथवर वाढवली. गवत नाही तर नाही, खोली तरी होईल.

मग कारखाना बंद पडला. यंत्रं खोक्यांत बसून परदेशी गेली आणि आमची माणसं सोफ्यावर बसली. वासिल त्यानंतर फार काळ राहिला नाही. धुण्याच्या खात्यातली माणसं तशी लवकरच जायची, पण का जातात हे तेव्हा कुणी विचारलं नाही. टिलीला मूलबाळ झालं नव्हतं. एका मैत्रिणीच्या मुलीची, नॅडीनची, ती धर्ममाता झाली होती आणि सगळा जीव त्या पोरीवर. नॅडीन तिला टेटा म्हणायची. आमच्यात मावशी, आत्या, धर्ममाता, सगळ्या टेटाच.

कारखाना बंद होऊन बरीच वर्षं लोटल्यावर सरकारी माणसं आली आणि त्यांनी रस्त्यात भोकं पाडायला सुरुवात केली. जमिनीखाली ट्राय सापडलं. कारखान्याच्या टाक्या गळत होत्या म्हणे, पिंपं मागच्या बाजूला उलटी केली होती म्हणे. ते उतारानं खालच्या आळीत आलं होतं आणि वाफ होऊन आमच्या तळघरांत शिरत होतं. मोठा नकाशा लागला चर्चच्या हॉलमध्ये, त्यावर ट्राय पसरलं तिथवर निळा पट्टा, आणि पट्ट्यात माझं घर. मग कंपनीच्या खर्चानं खालच्या आळीतल्या घराघराला पांढरा पाइप लागला. तळघराच्या फरशीतून निघून भिंतीवरून थेट छपरावर, आणि वर पंखा, जमिनीतली वाफ ओढून बाहेर टाकायला. रात्रंदिवस घरघर. आम्ही सगळ्यांनी मिळून कंपनीवर दावा लावला. आमच्या वकिलानं पहिल्याच दिवशी बजावलं, "त्या शुक्रवारच्या बरण्यांबद्दल कुणी ब्र काढायचा नाही. कंपनी म्हणेल, तुमचं तुम्हीच ओतलंत." आम्ही कसले बोलतोय!

टिली वरच्या आळीत. निळा पट्टा खालच्या रस्त्यालाच संपत होता. ती आमच्याकडे यायची, पाइपकडे मान वर करून बघायची आणि म्हणायची, "मार्सेला, झोप तरी लागते का गं तुला या घरघरीत?"

"लागते," मी म्हणायचे. "तुझ्यासारखी उंचावर राहत नाही ना मी, मला सवय आहे खालच्या लोकांत राहायची."

"चिडतेस काय! मी आपली काळजीनं विचारते."

काळजी कसली, तोरा होता तो. आणि त्याच तोऱ्यात तिनं ते केलं. नॅडीनला दिवस गेले होते आणि ती नवऱ्याबरोबर खालच्या आळीत भाड्यानं राहत होती. कुझ्मा वारला, त्याचं घर विकायला निघालं. टिलीनं नॅडीनचं डोकं खाल्लं. "घे ते घर. डोळे झाकून घे. नकाशाची रेघ खालच्या रस्त्यालाच संपते. इथं काहीसुद्धा नाही, माझा शब्द आहे." मी स्वतः ऐकलं आहे हे, माझ्याच स्वयंपाकघरात. आता तुम्ही म्हणाल, बाईला आठवलं कसं नाही? नाही आठवलं. तिच्या लेखी कंपनीनं जमिनीत सोडलं ते विष होतं. तिच्या घमेल्यातलं ते धुण्याचं पाणी होतं. माझ्याही डोक्यात आलं नाही, आणि तो परस माझ्या बापाचा होता.

नॅडीननं घर घेतलं. मुलगी झाली, ज्यून. पाळणा ठेवला मागच्या खोलीत, तिथं सकाळचं ऊन यायचं. बाप्तिस्म्याचं पांढरं कापड टिलीनंच दिलं, नॅडीनच्या अंगावर घातलेलं तेच. पवित्र तेलाचा जुना डाग तिनं असा काढला होता की कापड नवं कोरं वाटावं. लोक म्हणाले, टिलीचा हात अजून तसाच आहे. ती अशी फुलली होती त्या दिवशी!

ईस्टरच्या आधीचे उपासाचे शुक्रवार आले. त्या दिवसांत आम्ही बायका चर्चच्या तळघरात सकाळपासून पिरोही करतो. पीठ लाटायचं, बटाटा भरायचा, कडा चिमटायच्या, आणि दुपारी सगळं गाव न्यायला रांगेत. अशाच एका शुक्रवारी, पिरोही संपल्यावर, वर हॉलमध्ये सरकारी बाईंनी सभा ठेवली. मिस ओर्तेगा. तरुण, साधी, पायात बूट चिखलाचे. टिली किटली घेऊन कॉफी वाढत फिरत होती. कुणीतरी विचारलं, एवढी वाफ यायची तर पिंपंच्या पिंपं मुरली असतील ना जमिनीत?

"पिंपं लागत नाहीत," मिस ओर्तेगा म्हणाली. "घरामागं अधूनमधून बादलीभर ओतलं असेल तरी पुरतं. लोकांना वाटतं जमीन ते गिळते. जमीन काही गिळत नाही. ते खाली जाऊन बसतं, वर्षानुवर्षं, आणि वाफ होऊन वरच्या घरात चढतं."

"अगं ए! भाजतेस की काय मला!" एमिल ओरडला. कॉफी कपातून बाहेर, बशीतून बाहेर, त्याच्या मांडीवर. टिली ओततच होती. मग तिनं किटली खाली ठेवली, माफीचा एक शब्दही काढला नाही आणि कोट न घालताच बाहेर पडली.

त्यानंतर ती विचित्र वागायला लागली. सकाळ झाली की नॅडीनच्या दारात. "बाळाला माझ्याकडे दे, तू आराम कर." बाळ पुढच्या खोलीत झोपव म्हणायची. थंडीनं बोटं वाकडी होत असताना मागच्या खोलीच्या खिडक्या उघडायची. नॅडीन दोनदा-तीनदा गप्प बसली, मग तिचं डोकं फिरलं.

"टेटा, अगं न्यूमोनिया होईल तिला! तुला झालंय तरी काय?"

"खोली कोंदट आहे."

"काही कोंदट नाही. माझं घर आहे, माझी पोर आहे. जरा आपल्या घरी बस ना!"

हे नॅडीननं येऊन मलाच सांगितलं, डोळे पुसत. "म्हातारी झाली गं ती, तिला समजावून सांग," म्हणाली. मी तणतणत टिलीकडे गेले. चांगली खडसावायची होती तिला. ती स्वयंपाकघरात बसली होती, दिवा न लावता, दोन्ही हात मांडीखाली दाबून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

"नॅडीनच्या मागे का लागली आहेस?" मी विचारलं. "तिच्या संसारात नाक खुपसायचं काय कारण?"

"मार्सेला, कुझ्माची ती मागची खोली कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? मागे."

"कशावर आहे?"

 मला वासिल दिसला, खिदळणारा. कापावा न लागणारा तो कोपरा दिसला.  मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"मी ओतलं," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून कुझ्माचं कुंपण येईपर्यंत. आणि त्याच्यावर मी माझ्या हातानं त्या पोरीला नेऊन बसवलं. शब्द दिला मी तिला, मार्सेला. शब्द."

मी काय करावं? मी तिच्यावर चिडले. लाज वाटली की मला आधी राग येतो, हा माझा स्वभाव. म्हणाले, आता ऊर बडवून काय उपयोग, त्या ओर्तेगाबाईंना फोन कर, शेजारचं घर तपासा म्हणावं, कारण सांगू नकोस. तिनं माझ्यासमोर फोन लावला. मिस ओर्तेगा गोड बोलली, पण वरची आळी पट्ट्याच्या बाहेर आहे म्हणाली. खालच्या आळीतलीच घरं अजून संपली नाहीत, ठोस कारण असल्याशिवाय यंत्रं वर आणता येणार नाहीत. "काही कारण आहे का, बाई?" तिनं विचारलं. टिलीनं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं फोन ठेवला.

"नॅडीनला एकटीला सांग मग," मी म्हणाले. "ती दुसऱ्या खोलीत जाईल."

"आणि पाइप? पंखा? तो कोण बसवणार? कुणी पाहिल्याशिवाय कळणार कसं की बाकीच्या खोल्या तरी बऱ्या आहेत?"

"टिली, बरण्यांचं बाहेर आलं तर दावा गेला. सगळ्या गावाचा. आणि वासिलचं नाव? माझ्या बापाच्या जागेचं नाव?"

"ते झगे घालून फादर वेदीपुढे उभा राहतो गं," ती एकदम म्हणाली. "मी ते त्यात धुतले, आणि धुऊन झालेलं नेऊन बाळाच्या उशाखाली ओतलं."  मी चहा केला, तो कुणी प्यायला नाही.

पुढच्या सभेला कंपनीचा वकीलही आला होता. गुळगुळीत दाढी, महाग कोट. सगळं गाव जमलेलं, नॅडीन ज्यूनला कडेवर घेऊन दाराशी उभी. फादरनं प्रार्थना म्हटली आणि टिली उठली. मी तिच्या कोटाचं टोक धरलं. तिनं ते हळूच सोडवून घेतलं.

"मी थेक्ला फेडोर्चाक," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की मागचे लोक म्हणाले, मोठ्यानं बोला. ती मोठ्यानं बोलली. "मी वरच्या आळीत राहते. माझ्या शेजारच्या घराखाली ट्राय आहे. ते कारखान्यातून वाहत आलेलं नाही. मी ओतलेलं आहे. त्या घरात लहान मूल आहे. ते घर तपासा."

 कंपनीचा वकील पुढे सरकला. माणसाला आयता घास मिळाला की कसा चेहरा होतो, तसा झाला होता त्याचा.

"बाई, म्हणजे तुम्ही स्वतः?"

"स्वतः."

"आणि ही गावाची सवयच होती का? सगळेच घरी न्यायचे, घरी ओतायचे?"

टिलीनं हॉलभर नजर फिरवली. कोण किती न्यायचा, कोण मोरीत ओतायचा, कोण कुंपणाखाली, तिला सगळ्यांचं ठाऊक होतं. एमिल टोपीची कड कुरवाळत होता. फोरमन पहिल्याच रांगेत होता, म्हातारा, काठी घेऊन, आणि आताही आभाळात बघितल्यासारखा छताकडे बघत होता.

"बाकीच्यांचं मला माहीत नाही," टिली म्हणाली. "मला माझंच माहीत आहे."

खोटं. साफ खोटं. ज्या बाईनं मिनिटापूर्वी सगळ्या गावासमोर स्वतःचं खरं सांगितलं, तीच आता आमच्यासाठी खोटं बोलत होती, आणि आम्ही तिला बोलू दिलं. एकही जण उठला नाही. मी तर शेजारीच होते, माझ्या मांडीला तिचा कोट लागत होता. मी फरशीकडे बघत बसले. ती एकटी उभी राहिली, कितीतरी वेळ, बसा असं तिला कुणी म्हणेना.

शेवटी दाराशी नॅडीन बोलली. "टेटा, तू मला ते घर घ्यायला लावलंस."

"हो," टिली म्हणाली.

नॅडीननं ज्यूनच्या डोक्यावर टोपी ओढली आणि ती निघून गेली.

मिस ओर्तेगा यंत्रं घेऊन वर आली. तपासणीचा निकाल आला तेव्हा तिनं आकडेबिकडे सांगितले नाहीत, एवढंच म्हणाली, आजच्या आज बाळाला इथून हलवा. नॅडीन सासरी जाऊन राहिली. मागच्या खोलीची फरशी फोडली, पाइप आला, पंखा आला. मग ती परतली, पण कुंपणापाशी कपडे वाळत घालताना पाठ करायची. पोरीला काही झालंय का, होईल का, डॉक्टर छातीठोक सांगेनात. बघत राहायचं म्हणाले. टिलीच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्या पंख्यासमोर. ती खिडकीशी बसायची आणि ती घरघर ऐकायची. मी एकदा खिडकी लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे. ऐकलीच पाहिजे मी."

आमचा दावा मेला नाही, पण लंगडा झाला. काहीजण टिलीला चर्चच्या पायरीवर ओळख द्यायचे बंद झाले. ज्यांच्या बरण्या सगळ्यांत मोठ्या होत्या, तेच आधी. मग सरकारनं अग्निशमन केंद्राच्या अंगणात एक दिवस ठेवला, घरातली जुनी रसायनं आणून द्या, नाव विचारणार नाही. काय रांग लागली होती गाड्यांची! सगळ्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लोणच्याच्या बरण्या. "पेंट थिनर आहे," एकजण म्हणाला. "माझंही थिनरच," दुसरा म्हणाला. मिस ओर्तेगा एकेक बरणी घेत होती, झाकण न उघडता, आणि कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. एवढी दया तिनं आमच्यावर केली. एमिल रांगेत होता आणि त्याच्या शेजारी मी. आम्हीही थिनरच म्हणालो.

ईस्टरला फादर रोमान पांढरा झगा घालून वेदीपुढे आला तेव्हा छातीवर लाल वाइनचा डाग होता, चांगला हाताएवढा. तो काढायला कुणाकडे न्यावा, हे त्यालाही कळलं नसावं. सगळ्यांनी पाहिला. टिली शेवटच्या बाकावर होती. मी पुढून वळून पाहिलं तर तिचे हात कोटाच्या खिशात. भर चर्चमध्ये. पिरोहीलाही ती आली नव्हती. मी बोलवायला गेले होते, "किती दिवस तोंड लपवणार आहेस?" तर म्हणाली, "तोंडाचं काही नाही गं, हात दाखवायला लाज वाटते. कोण खाईल या हातांनी चिमटलेलं?"

ईस्टर उलटून गेल्यावर एक दिवस मी तिच्याकडे बसले होते. मागचं दार वाजलं. नॅडीन. कडेवर ज्यून, हातात ते बाप्तिस्म्याचं कापड, त्यावर गाजराचा केशरी ओघळ. टिली उठून उभी राहिली आणि तिचे हात झटकन ॲप्रनच्या खिशात गेले.

"हे कशात धुतलं होतंस?" नॅडीननं दारातूनच विचारलं.

"ट्रायमध्ये," टिली म्हणाली. "शेवटची बरणी जपून ठेवली होती. तुझ्या पोरीसाठी."

"आणि तिच्या अंगावर घातलंस."

"वाऱ्यावर टांगून ठेवलं होतं खूप दिवस. पण हो. घातलं."

कपड्यातलं ते उडून जातं, त्याचं काही नाही, असं मिस ओर्तेगा मला म्हणाली होती. ते सांगायला मी तोंड उघडलं, तर टिलीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं. नॅडीन उंबऱ्यावरच उभी होती. जाते की काय असं वाटलं मला.

"गाजर सांडलंय," ती शेवटी म्हणाली. "मी साबण लावला तर आणखीच पसरलं. कशानं निघेल?"

"माझ्या हातात नको देऊस," टिली म्हणाली. "तूच धू. मी सांगते."

नॅडीन आत आली. पोरीला कुणाकडे द्यावं म्हणून तिनं इकडेतिकडे पाहिलं. टिली तिच्या अगदी जवळ होती. नॅडीन तिला ओलांडून आली आणि ज्यूनला माझ्या मांडीवर ठेवलं.  टिलीनं पायानंच स्टुलाखालचं एनॅमलचं घमेलं पुढे सरकवलं.

"गार पाणी घे. गरम नको, डाग बसतो. उलट्या बाजूनं भिजव. चोळू नकोस, दाब. हं, अशी. आता थोडा साबण. थोडाच." नॅडीन दाबत होती आणि टिली तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती, खिशातल्या खिशात बोटं हलवत. पाणी केशरी झालं. नॅडीननं कापड पिळून खिडकीशी नेलं, उजेडात धरलं. डाग फिकट झाला होता, पण होता.

"हा नाही जायचा," टिली म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून हे ऐकलं मी.

"नाही तर नाही," नॅडीन म्हणाली. तिनं कापड खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि घमेलं उचलून, कुणीही उचलेल तसं सहज, मागच्या दाराकडे निघाली, परसात पाणी टाकायला.

"तिकडे नको!"

इतक्या जोरात ओरडली टिली, की ज्यून दचकून रडायला लागली. नॅडीन दारातच थांबली. घमेल्यात गाजर होतं आणि साबण, दुसरं काही नव्हतं, हे आम्हाला तिघींनाही कळत होतं. टिलीचे हात खिशातून बाहेर आले होते. नॅडीननं मोरीकडे पाहिलं, मग दाराबाहेर परसाकडे, आणि मग टिलीकडे. त्या सभेनंतर तिनं टिलीच्या तोंडाकडे असं नीट पाहिलं नव्हतं.

"मग कुठे ओतू, टेटा?" तिनं विचारलं.

टिलीनं तोंड उघडलं, पण तिला सांगता येईना. नॅडीन घमेलं धरून उभीच राहिली, आणि टिली त्या पाण्याकडे बघत रडत राहिली.